हँडल ओढा, काडतूस काढा

…आणि वर छापलंय काय, तर 'हँडल ओढा, काडतूस काढा'. एवढाल्या अक्षरांत, यंत्राच्या खोक्याच्या चारही बाजूंना, म्हणजे खोका कसाही ठेवला तरी ते आपल्याकडे बघतंच. आता तुम्हाला सांगतो, आठवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण एवढं वाचता येतं मला. ओढलं की निघतं, असाच ना त्याचा अर्थ? का माझंच काही चुकतंय? आठवडाभर ओढत होतो मी. आणि काय काय निघालं म्हणून सांगू, काडतूस सोडून सगळं निघालं…

मी काही फार बोलणारा माणूस नव्हे, तुम्ही ओळखता मला. माझी बायको नेल्डा म्हणते, व्हर्लनं 'आग लागली' म्हणायला तोंड उघडलं की वाक्य संपेपर्यंत घराची राख होते. पण या यंत्रानं मला बोलका करून सोडलाय.

आता यंत्र घेतलंच का म्हणाल. तर आमच्या घरात पिस्तूल चालवते नेल्डा. मी नाही. मला तो आवाज सोसत नाही. ती चालवते आणि मी तिची काडतुसं भरतो, गेली सदतीस वर्षं. रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायच्या, पुसायच्या, बुडाला ठिणगीची ती टिकलीएवढी टोपी बसवायची, दारू मापून घालायची, वर शिशाची गोळी बसवायची, दाबायची. त्यासाठीचं माझं जुनं हातयंत्र, म्हणजे प्रेस, एका वेळी एकच काम करायचं. म्हणजे एका काडतुसाला पाच वेळा हँडल ओढा आणि दर वेळी पुंगळी हातात घेऊन तिची खुशाली विचारा. सावकाश काम. मला आवडायचं. पण अंगठ्यांचे सांधे धरले हो, डबीचं झाकण उघडत नाही मला आता, हँडल कुठलं ओढतोय.

आणि त्यात मागच्या सप्टेंबरची भानगड. काउंटीच्या नेमबाजी क्लबची शरदातली स्पर्धा, बायकांचा गट, शेवटची फेरी. लोखंडाच्या पाच थाळ्या पाडायच्या. नेल्डा आणि ती फर्न हकाबी बरोबरीत. नेल्डानं चार पाडल्या, पाचवीवर नेम धरला, चाप ओढला, आणि… टक्. नुसतं टक्. टोपी नीट बसली नव्हती. मी बसवलेली. फर्ननं तिच्या पाचही पाडल्या आणि थाळीफेक जिंकल्यासारखे हात वर केले.

नेल्डा घरी आली. फ्रीज उघडला, दूध काढलं, आणि फ्रीजच्या आत बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी दुकानातली घेईन."

तुम्हाला समजतंय का काय म्हणाली ती? सदतीस वर्षं जिनं घरचं सोडून बाहेरचं काडतूस पिस्तुलाला लावलं नाही, ती म्हणतेय दुकानातली घेईन. म्हणजे बायकोनं जन्मभर रांधून घालावं आणि नवऱ्यानं एक दिवस म्हणावं, उद्यापासून खानावळीत डबा लावलाय. वर्षभर ते वाक्य माझ्या छातीवर बसून होतं. शेवटी तळ्यावरची होडी विकली आणि हे नवं प्रेस घेतलं. याला वर एक गोल चकती असते, तिच्यात पाच पुंगळ्या पाच ठिकाणी उभ्या. हँडल ओढलं की पाचही जागी पाच कामं एकदम, आणि चकती एक घर पुढं सरकते. एकीची जुनी टोपी निघते, हँडल परत वर ढकललं की नवी बसते, पुढचीत दारू पडते, त्याच्या पुढचीवर गोळी बसते, शेवटची तयार होऊन डब्यात. हँडल ओढा, काडतूस काढा.

स्पर्धेला नऊ दिवस होते. पुस्तक बघून जोडलं, ओढलं. पहिलं काडतूस निघालं असं देखणं, की मी नेल्डाला हाक मारणार होतो. बरं झालं, नाही मारली. दुसऱ्याला टोपी उलटी. तिसऱ्यात दारूच नाही. चौथ्यात एवढी दारू, की पुंगळी भरून वाहिली, सगळे दाणे चकतीखाली गेले आणि चकती जी अडली, ती समितीत बसलेल्या म्हातारीसारखी, पुढंही जाईना आणि मागंही.

कंपनीला फोन केला. पलीकडे एक पोरगा, आवाज असा शांत, की पाळणाघरात कामाला असावा. "सर, घाबरू नका सर. फक्त एक लक्षात ठेवा सर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक स्क्रू हलवा, बघा. मग दुसरा." म्हटलं, हे मला पटतं, माझा स्वभावच तो आहे. त्यानं सांगितलं त्याप्रमाणे दारूच्या नळीचा स्क्रू पाव फेरा फिरवला, कागदावर लिहून ठेवलं, पाव फेरा, डावीकडे, आणि हँडलला हात घालणार… तेवढ्यात गॅरेजच्या दारात आमचा शेजारी बर्ल.

आता आमच्या मिसुरीतली रीत तुम्हाला माहीत आहे. रस्त्याकडेला कुणाच्या पिकअपचं बॉनेट उघडं दिसलं तर थांबून आत डोकावल्याशिवाय पुढं जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. आणि दुसऱ्याच्या प्रेससमोर हात खिशात घालून उभा राहिलेला बाप्या या काउंटीत अजून जन्मायचाय. बर्ल चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत होता. आला, बघितलं, खिशातनं पाना काढला. माणूस विचारपूस करायला येतो आणि त्याच्या खिशात पाना, कसं काय? "व्हर्ल, चकती सैल आहे तुझी. सैल चकती म्हणजे सैल दात. चावता यायचं नाही." आवळली. कॉफी प्याला. गेला.

दुपारी आमचे पाद्री, ब्रदर टिलमन. तेही काडतुसं भरतात, रविवार सोडून. "ब्रदर व्हर्ल, चकती फार आवळली आहेस. आवळलेलं काही चालत नाही बघ, चकती नाही आणि चर्चची समितीही नाही." सैल केली. वर म्हणाले, दारू नळीला चिकटतेय, ती हवेतली वीज असते, कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात तो सुगंधी कागद आतनं फिरव. स्वतःच्या हातानं फिरवला. आशीर्वाद देऊन गेले.

संध्याकाळी बर्ल पुन्हा. "सैल कुणी केली ही?" म्हटलं, पाद्र्यांनी. "मग नरकात यंत्र कोण चालवतं ते आता समजलं मला." आवळली.

असं चार दिवस, तुम्हाला सांगतो. एक आवळतो, एक सोडतो. एक तेल घालतो, दुसरा पुसून काढतो. माझ्या कागदावर लिहिलेलं, पाव फेरा डावीकडे, आणि यंत्रात एकही स्क्रू त्या जागेवर नाही. कंपनीच्या पोराला परत फोन. "सर, काय काय बदललं सर?" आता काय सांगू त्याला? म्हटलं, बाळा, पाद्री बदलायचा तेवढा राहिलाय. तो म्हणाला, "सर, तुम्ही थोडं पाणी प्या सर."

एक्केचाळीस काडतुसं झाली होती तोवर, आणि एकावरही माझा भरवसा नव्हता. कमी दारूचं काडतूस म्हणजे फुसका बार, गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकायची. जास्त दारूचं म्हणजे पिस्तूलच हातात फुटायचं. आणि तो हात कुणाचा? म्हणून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मोडली. त्याला एक हातोडा मिळतो, काडतूस त्यात अडकवून फरशीवर आपटायचं, गोळी बाहेर येते. अख्खी दुपार ठक, ठक, ठक. नेल्डा दारात येऊन म्हणाली, "लोक काडतुसं भरतात, तू फोडतोस. आणि व्हर्ल, या दारूला लॅव्हेंडरचा वास का येतोय?"

हँडल ओढा, काडतूस काढा…

गुरुवारी सकाळी न्याहारीला बसलो, तर टेबलावर अंडी, ग्रेव्ही, आणि त्यांच्या मधोमध दुकानातला खोका. पन्नास काडतुसं. पुठ्ठ्याचा, चकचकीत, कोपरेसुद्धा दबलेले नाहीत. मिरपूड हवी होती मला, ती खोक्याच्या पलीकडे होती. बिनमिरपुडीची अंडी खाल्ली.

मग गेलो गॅरेजमध्ये, परत ओढायला लागलो. करणार काय? थोड्या वेळानं नेल्डा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आली, बादली पालथी घातली, बसली. मोज्यांच्या जोड्या लावत बघत राहिली. दहा वेळा ओढलं मी. मग म्हणाली, "तू मधेच थांबतोस."

म्हटलं, कुठं?

"अर्ध्यावर. ओढतोस, थांबतोस, पुंगळीत डोकावतोस, जरासा मागं येतोस, परत ओढतोस. बोलतोस ना, तस्सा. त्या बिचाऱ्या यंत्राला काय समजणार, तुझं वाक्य संपलं की तू श्वास घेतोयस? ते आपलं दुसऱ्यांदा दारू टाकतं."

जुन्या प्रेसवर अर्ध्यात थांबून डोकावणं म्हणजे चांगल्या कारागिराचं लक्षण हो. सदतीस वर्षं हाताला तेच वळण. नव्या यंत्राला ते वळणच नको. एकदा निघालास की शेवटपर्यंत जा, आणि शेवटपर्यंत परत ये.

म्हटलं, आणि टोप्या? टोप्या का बसत नाहीत?

तिनं आणखी एका मोज्याची जोडी लावली. "परत वर नेताना शेवटी ढकलत नाहीस तू. तिथं जोर लावायचा असतो. तू हँडल लावतोस आपलं दार लावल्यासारखं… आत कुणीतरी झोपलंय, असं."

आता, मी सत्तावीस वर्षं लाकडाच्या गिरणीत पहिल्या पाळीला जायचो. पहाटे चारला घरातनं निघायचो आणि ती झोपलेली असायची. मला वाटायचं, तिला कधी कळलंच नाही.

असो. सगळे स्क्रू पुस्तकाप्रमाणे जागच्या जागी आणले. दारावर पाटी लावली, 'हात खिशात ठेवून या'. बर्ल आला, पाटी वाचली, हात खिशात घातले आणि उभा राहिला, पण त्याचे खिसे असे हलत होते, की शेवटी मीच त्याला म्हटलं, जा बाबा घरी, तुझी पँट फाटेल. आणि मी ओढायला लागलो. थांबायचं नाही, थांबायचं नाही, असं म्हणत ओढलं… थांबलो. अहो, हातच थांबतो, मी कुठं थांबतो?

तेव्हा नेल्डानं मला कोपरानं बाजूला सारलं. "सरक." आणि तिनं ओढलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं कणीक मळलेले हात ते. खाली, वर, धक्का. खाली, वर, धक्का. मी शेजारी दिवा धरून प्रत्येक पुंगळीत दारू किती पडली ते बघत होतो आणि वर गोळी ठेवत होतो, म्हणजे माझ्या डोकावण्यालाही काम मिळालं. जेवणाच्या आत तीनशे वीस काडतुसं. एकही उलटी टोपी नाही, एकही रिकामी पुंगळी नाही. हँडल ओढा, काडतूस काढा, खरंच की हो. पण दोन माणसं लागतील आणि त्यांचं लग्न होऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षं झालेली असावीत, हे खोक्यावर कुठं छापलंय?

शुक्रवारी ती दुकानातला खोका परत देऊन आली. मिरपूड हाताला लागली.

शनिवारी स्पर्धा. काय उडत होती काडतुसं म्हणून सांगू. एक टक् नाही की एक फुसका बार नाही, सगळी एका आवाजात, गायकवृंदासारखी. ब्रदर टिलमननी माझ्या पाठीवर थाप मारली, चकतीचं श्रेय त्यांनी घेतलं होतं. आणि शेवटची फेरी, परत नेल्डा आणि फर्न बरोबरीत. फर्ननं पाच पाडल्या. नेल्डानं चार पाडल्या, पाचवीवर नेम धरला, चाप ओढला, धडाम. झकास आवाज. आणि थाळीच्या डाव्या अंगाला, वीतभर अंतरावर, मातीचा फवारा उडाला. थाळी उभी.

सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. काडतुसानं त्याचं काम चोख केलं होतं.

पिकअपमधनं परत निघालो. पशुखाद्याचं दुकान गेलं, पूल गेला. ती खिडकीबाहेर बघत बसलेली, मांडीवर दोन्ही हात. मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "एखाद्यात दारू जराशी कमी पडली असेल."

मैलभर गेलो. मग म्हणाली, "मलाही वाटलंच. आवाज बारीक आला जरा."

"यंत्र बघायला हवं," मी म्हटलं.

"बघ बाबा एकदा," ती म्हणाली, आणि मांडीवरचा एक हात उचलून माझ्या अंगठ्यावर ठेवला.

तेव्हा आता सकाळपासून गॅरेजमध्ये बसलोय, ठणठणीत चालणाऱ्या यंत्रात काय बिघडलंय ते शोधत. सापडेल म्हणा. पुढच्या सप्टेंबरपर्यंत काहीतरी सापडलंच पाहिजे.