अशी तारीख नाही

…नाही हो सुनिसाताई, टाळत नाहीये मी, तपासतेच आहे — बसा ना, फक्त ती लाल सरबताची बाटली हलवू नका, सर्व्हरपुढे नैवेद्य म्हणून ठेवलीय, काम बिघडू नये म्हणून — हसा खुशाल, गेल्या खेपेला ठेवली नव्हती तेव्हा वॉर्डात तुम्हीच डोकं धरून बसला होतात. तर शुक्रवारी जुनं रनटाइम, म्हणजे ज्यावर आपले प्रोग्रॅम चालतात ते, बंद, नवं सुरू. तुमच्या डायलिसिसवाल्यांना निरोप जातात ना, ते सगळं त्याच्यावर चालतं. आणि मधे हे एक पॅकेज, कोडचा छोटा तुकडा — आपलं थाई बौद्ध साल घेतं, पाचशे त्रेचाळीस वजा करतं, इसवी सन देतं. एवढंसं काम. नव्यावर चालेल का? पॅकेजवर लिहिलंय, 'रनटाइमच्या या आवृत्तीपासून पुढे'. पुढे म्हणजे कुठवर? लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं.

लिहिणारा कोण म्हणजे — पखिन. हो, माझाच नवरा. दुसरं पॅकेज तयार आहे, माहितेय मला, चहा होईस्तोवर बसेल — पण चालणारं कशाला काढायचं? मग चालतंय का ते इतके दिवस का नाही बघितलं? वेळ नव्हता. होता, ताई, वेळ होता. नाही चाललं तर काढावं लागेल, आणि त्याचं इथे आता उरलंय काय — खुर्चीसुद्धा बदलली यांनी.

हं, त्यानंच लिहिलेल्या चाचण्या लावल्या नव्यावर. हिरवं, हिरवं, हिरवं — बघा, म्हटलं नव्हतं — थांबा. एक लाल. एकोणतीस फेब्रुवारी २५६७. 'अशी तारीख नाही' म्हणतंय. बरोबरच आहे, वजाबाकीच्या आधीच साल वाचलंय पॅकेजनं, आणि २५६७ला चारनं भाग जात नाही, म्हणजे लीप वर्ष नाही. आपल्याकडचे सगळे प्रोग्रॅमर इथेच आपटतात. जुनं चालवून घ्यायचं, नवं कडक आहे. कुठल्याही एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला तुमचा पेशंट यादीतून गुपचूप गळला असता.

पण तपासायला हीच तारीख का घातली त्यानं? — खोनकेनला, घरी, त्याच दिवशी मनगटं भरून लग्नाचे पांढरे दोरे होते आमच्या, एक तुम्हीही बांधलात. सासूबाई म्हणाल्या, लग्नाचा वाढदिवस चार वर्षांनी एकदा, पोरगा स्वस्तात सुटला. त्याच पावसाळ्यात गेला तो. आणि हे मला सांगतंय, अशी तारीख नाही. होती.

नाही, काढणार नाही. एकच ओळ बदलायची आहे — आधी वजा कर, मग वाच. तुम्ही जा ताई, पेशंट खोळंबलेत. जाताना दार ओढून घ्या.