गच्चीवरचे पांढरे झगे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमचे मालक हाज मितवल्ली, व्यासपीठावरचे व्यापारी संघाचे मान्यवर, पोर्ट सईदच्या कापडबाजारातल्या माझ्या भावाबहिणींनो, आणि जिच्यासाठी आपण जमलो ती सित्त इन्शिराह, आमची उम्म राविया, म्हणजे रावियाची आई, सर्वांना या फिक्रियाचा सलाम.

उम्म राविया आता लेकीकडे इस्माइलियाला राहायला जाणार. तिच्या शेजारी बसून युरोपातल्या दुकानांचा उरलेला, गिऱ्हाइकांनी परत केलेला माल निवडण्यात माझा जन्म गेला. तिचं कौतुक मी काय करणार? त्यापेक्षा एका कंटेनरची गोष्ट सांगते. हाजसाहेब, परवानगी आहे ना? मान हलवली, पण हसले नाहीत. म्हणजे कुठला कंटेनर ते कळलं त्यांना.

त्या वर्षी हाजसाहेबांनी सगळं भांडवल लावून, न बघता लॉट उचलला होता. हिवाळी कोट म्हणून घेतलेला. दार उघडलं, तर आत नुसते लग्नाचे झगे! तिकडच्या नवरीमुलींनी परत पाठवलेले. बाजारात कुणी हात लावेना. "मोडलेल्या लग्नाचा झगा माझ्या पोरीच्या अंगावर? अल्ला वाचवो!" हाजसाहेब डोकं धरून बसले. "चिंध्यांच्या भावात द्या आणि वखारीला कुलूप लावा," म्हणाले.

"हाज, आधी धुऊन तर बघू," उम्म राविया म्हणाली.

आम्ही झगे धुऊन गच्चीवर वाळत घातले. समुद्राकडून वारा आला, आणि काय सांगू मंडळी, दोऱ्यांवर झगे हळूहळू फुगले, बाह्या हलू लागल्या. मागे कालव्यातून जहाजं संथ सरकत होती. वाटे, झग्यांमधूनच चाललीत. आम्ही काम विसरून बघत राहिलो.

"माझी राविया यातलाच घालेल," ती एकदम म्हणाली.

"वेड लागलं का तुला? एकुलती एक पोर तुझी!"

"फिक्रिया, कापडाला काय ठाऊक ते परत का आलं? झाला असेल कुणाला घट्ट." पण झगा उतरवताना तिनं तीनदा बिस्मिल्ला म्हटलं.

राविया सगळ्या मोहल्ल्यादेखत त्याच झग्यात नवरी झाली. बायका अपशकुन शोधायला आल्या आणि शिवणच न्याहाळत बसल्या! पुढच्याच आठवड्यात मुली आयांना ओढत वखारीत घेऊन आल्या. कुलूप लावायची वेळ आली नाही.

एक मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मी गच्चीवर गेले, तर उरलेल्या झग्यांतला एक अंगात घालून उम्म राविया उभी. युद्धात गाव रिकामं झालं, तेव्हा निर्वासितांच्या शाळेत, मावशीच्या काळ्या झग्यात तिचं स्वतःचं लग्न लागलं होतं.

मला पाहून गडबडली. "वाळलाय का बघत होते."

"अंगात घालून?"

तेवढ्यात खालून, कालव्यापलीकडच्या पोर्ट फुआदला जाणारी फेरीबोट निघाली. चालकाला वाटलं, नवरीच आहे. त्यानं लांबलचक भोंगा दिला. बोटीतल्या बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. उम्म राविया क्षणभर दोऱ्यांआड लपली. मग पुढे आली, आणि बोट पलीकडच्या काठाला लागेपर्यंत हात हलवत राहिली.

हाजसाहेब, बोलू दिलंत, आपले उपकार. मंडळी, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. उम्म राविया, तुला न विचारता बोलून गेले. जिभेचा हा अपराध पोटात घाल.