समोरची नळी

दीर : प्रयोगशाळेच्या दाराला कडी लावलीय. आता खरं बोल. माझ्या भावाचा जबडा फोडलास तू!

वहिनी : भावजी, लग्न होऊन आले तेव्हापासून अहोजाहो करत होतात. आज एकदम 'तू'?

दीर : दादा कालपासून शुद्धीवर नाही, आणि तुला मानपान सुचतोय?

वहिनी : माझे केस सोडा. हातात आम्लाचं भांडं आहे. हिसका बसला तर दोघांची कातडी जाईल.

दीर : नळ्या गरगर फिरवणारं मशीन, सेंट्रिफ्यूज, आपोआप फुटत नाही! आम्लाची नळी ठेवली की समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी. तूच शिकवलंस मला.

वहिनी : समोर पाणी भरलं मी. उंची सारखी दिसली. वजन करायचं राहिलं.

दीर : तुझं राहिलं? डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या तू आम्लात कापतेस, गरगर फिरवून लांब खाली, आखूड वर अशा वेगळ्या काढतेस. आणि आम्ल पाण्याहून जड, हे विसरलीस? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?

वहिनी : केस सोडा म्हणते ना!

(झटापटीत तिच्या गळ्याभोवतीचा रुमाल सुटून पडतो.)

दीर : हे... हे काय?

वहिनी : बघा की नीट. आपलाच धंदा, लावा लांबीप्रमाणे. आखूड वळ बोटांचे. लांब ते पट्ट्याचे.

दीर : दादानं?

वहिनी : नाही, शेजाऱ्यानं! मधे एकच भिंत आहे, भावजी. कान काय गहाण ठेवले होते?

दीर : ऐकू यायचं. वाटायचं, नवराबायकोतलं... आपण कशाला नाक खुपसा.

वहिनी : काल सकाळी गळा दाबला. आणि इथे आल्यावर म्हणाले, नळ्या काप. नळ्या कसल्या कापते, माझे हातच कापत होते. पाणी चुकून भरलं, देवाशपथ.

दीर : म्हणजे चूकच झाली.

वहिनी : तिथवर चूक. मशीन खडखडायला लागलं तेव्हा ते झाकणावर वाकून मला शिव्या देत होते. 'बाजूला व्हा', एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

दीर : बाहेर पोलीस आलेत.

वहिनी : मग जा, सांगा. द्या मला फासावर.

दीर : सांगणार. पण सुरुवात भिंतीपलीकडून करणार. सरका, दार उघडतो. आणि ते भांडं आधी माझ्याकडे द्या, वहिनी. तुमचे हात कापताहेत.