शिवप्रकाश सरांच्या पापण्या

समारंभाचे अध्यक्ष माननीय भगवानराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शिवप्रकाश सर, आणि झरीच्या या सभागृहात पंखे बंद असूनही बसून राहिलेल्या सज्जनहो,

मी वार्ताहर. माझ्या बातम्या तुम्ही वाचता असा माझा समज आहे. तो आज कुणी दूर करू नये.

सर माझे शेजारी. संस्कृतात पापणीला नेत्रच्छद म्हणतात, डोळ्यावरचं आच्छादन. गेली पाच वर्षं सरांचं आच्छादनच तेवढं दिसायचं. परीक्षेत सर जागे आहेत की झोपलेत, हे पोरांना कळेना. म्हणून त्यांच्या वर्गात कॉपी झाली नाही. संस्थेनं याची नोंद घ्यावी.

दिवाळीच्या सुट्टीत सर संभाजीनगरला जाऊन पापण्यांचं ऑपरेशन करून आले. काळा चष्मा उतरला आणि गाव हसलं. "रिटायर व्हायलेत का नवरदेव व्हायलेत?" मीही विचारलं, "सर, मुलगी बघायला कधी निघायचं?" सर हसले नाहीत. आज त्यांच्याच परवानगीनं खरं सांगतो.

नागुबाई वहिनींना विसरण्याचा आजार आहे, हे आपण जाणता. गेल्या वर्षापासून त्या सरांना पाहून डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. ताट वाढून दाराआड उभ्या राहायच्या. सर म्हणायचे, "अगं, बस की जेवायला." त्या म्हणायच्या, "तुमच्यासमोर कशी बसू, मामा?" सरांचे वडील चन्नबसप्पा जाऊन वीस वर्षं झाली. उतरलेल्या पापण्यांनी सर हुबेहूब त्यांच्यासारखे दिसत होते. सांगा, पस्तीस वर्षांच्या संसारानंतर माणसानं स्वतःच्या बायकोचा सासरा होऊन किती दिवस जेवावं?

सर लग्नातला फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेले. "असे डोळे करा." डॉक्टर प्रामाणिक निघाले. "वाढलेली कातडी काढतो," म्हणाले, "बाकीचं माझ्या हातात नाही."

टाके निघाल्यावर सर दारात उभे राहिले. वहिनींनी पदर घेतला नाही. सरांना वाटलं, जमलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कोण पाहिजे? आमचे सर शाळेत गेलेत."

तेव्हापासून सर रोज स्वतःच्या घरी पाव्हणे म्हणून जातात. चहा मिळतो. सासरे होते तेव्हा निदान हक्काचं ताट तरी होतं. पापण्या पुन्हा उतरवता येतात का, याचीही मी चौकशी केली. येत नाहीत.

आज दोघांना आणायला गेलो, तर वहिनी निघेनात. "सर आल्याबिगर मी कशी येऊ, भाऊजी? यायलेत ते आता." सर माझ्या शेजारीच उभे होते. "नागू, मी आलोय," म्हणाले. वहिनींनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

गाडीत सर एवढंच बोलले, "भाषण लांबवू नका. मी येईपर्यंत ती जेवत नाही."

"आणि तुम्ही घरी गेल्यावर?"

"तरी जेवत नाही. शेवटी आमची सून बळंच दोन घास भरवते. पण माझी वाट बघताना तिच्याजवळ कुणीतरी बसायला पाहिजे की."

सज्जनहो, भाषण इथंच आवरतो. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर क्षमा करावी. आणि हारतुरे लवकर उरकून सरांना मोकळं करावं.