झानसायाची चारी आणि माझ्या दोन बरण्या

नाही, पण मला एक सांगा, गाडी लावायची कुठे? आमच्या अल्माटीच्या त्या इमारतीसमोर एकच सपाट जागा, तीही आमच्याच इमारतीतल्या झानसायानं खणून काढली! कशासाठी? तर म्हणे, "तुर्सुन-आगा, रस्त्याचं तेलकट पाणी वाहत जाऊन खालच्या गल्लीतली सफरचंदाची झाडं वाळतायत. इथे चारी करू, वाळू भरू, लव्हाळा लावू, मुळं पाणी गाळतील." मुळं! तुम्हाला सांगतो, पोरगी शिकलेली इंजिनिअर, आणि गवताकडून धुणं करून घेणार! बरं, ते राहू द्या, गाडी लावायची कुठे?

पहिला पाऊस झाला तसा गेलो की मी, दोन बरण्या घेऊन! एकीत चारीत शिरणारं पाणी, दुसरीत बाहेर पडणारं. शिरणारं काळं, आणि बाहेरचं? दुधाचा चहा! रहिवाशांच्या सभेत दोन्ही नाचवल्या. पोरगी कळवळली, "आगा, माती बसायचीय, मुळं धरायचीयत, थोडे हिवाळे जाऊ द्या..." आणि आमची रौशान, माझी बायको, माझीच हो, म्हणते, "जाऊ द्या!" अगं, पण तोवर गाडी?

गेले हिवाळे. लव्हाळा माझ्या छातीला लागला. यंदा चारी बुजवायचा ठराव मीच आणला. झानसाया कोपऱ्यात बसलेली, हातातला बाउरसाक, आमचा तो तळलेला पाव, तसाच... वाईट वाटलं हो! पण गाडी लावायची कुठे? सभेच्या वेळीच धो धो पाऊस. बरण्या भरल्या, पिशवीत कोंबल्या, धावत येऊन टेबलावर ठेवल्या आणि... एकीत डांबर, दुसरीतून पलीकडे बसलेली रौशान दिसतेय!

"म्हाताऱ्या, ही घरच्या नळावर भरलीस ना?" रौशान ओरडली. शेजारचा येर्बोल म्हणतो, "आगा, पोरीला फितूर झालात की काय?"

मी? लबाड? मी?! उसळलोच! "अरे, चारीचंच पाणी आहे ते! माती बसलीय, मुळांनी धरलंय, वरचा गाळ काढत राहिलात तर पुढच्या वर्षी आणखी नितळ येईल!" ...कोण बोलत होतं हे? मीच! सगळ्यांना ओढत भर पावसात नेलं, त्यांच्या डोळ्यांदेखत बरणी बुडवून दाखवली. झानसाया रडायला लागली. मी नाही रडलो, पाऊस होता तो.

ठराव बारगळला. आणि चारीतलं एवढं कळणारा माणूस दुसरा कोण, म्हणून गाळ काढायचं काम माझ्याकडे. एकमतानं, बरं का! म्हणजे, माझा हात विरोधात वर जात होता... तो रौशाननं वाटेतच धरला.