तंबाखू राजी आहे

सुलभा वासुदेव सामंत, तू जिंकलीस! या सभेत तुझ्याविषयी पहिले वाक्य हेच उच्चारले पाहिजे.

सज्जनहो, भगिनींनो, आपण तिच्या दुकानासमोर जमलात, मी कृतज्ञ आहे. पत्नीविषयी चारचौघांत बोलण्याची मला सवय नाही. परंतु रडगाणे गाणार नाही. तिला ते रुचले नसते.

मालवणच्या बाजारात पाइपची तंबाखू विकणारी ती एकटी. पावसाळ्यात आगबोट बंद. वैशाखात आलेला माल नारळी पौर्णिमेपर्यंत टिकवायचा, तोही जेथे मीठसुद्धा पाझरते अशा हवेत! जागेचे मालक बाबुलशेट येथे बसले आहेत. जागा देताना ते म्हणाले होते, "वयनी, आषाढात तमाखूक बुरशी येतली. मगे तेची भाजी करतलास?"

सुलभा म्हणाली, "बुरशी इली तर त्याच दिवशी दुकानाच्यो चावयो तुमच्या हातात."

झाला करार!

तंबाखू सुकू नये म्हणून लोक तीत बटाट्याची फोड ठेवीत. आधी फोड कुजे, मागोमाग तंबाखू. हिने ठेवला कौलाचा तुकडा. वैशाखात तो भिजवून, पुसून ठेवावयाचा. पावसात चुलीवर तापवून, गार करून. तोच तुकडा उन्हाळ्यात ओलावा देई, पावसात ओलावा पिई. तंबाखू सैल भरावयाची, झाकणाची कड मेणाने बंद करावयाची. आणि विकण्यापूर्वी चिमूट दाबून सोडावयाची. गोळा राहिला तर ओली. चुरा झाला तर सुकी. सावकाश उमलली, तर ती म्हणे, "राजी आसा."

मी 'योग्य आर्द्रता' हा शब्द सुचवला. ती हसली. "अहो, आर्द्रता तुमच्या कॉलेजात. हयसर राजी."

दर नारळी पौर्णिमेला ती सर्वांसमोर वैशाखात भरून राखून ठेवलेली एक बरणी उघडी. बुरशीचा ठिपका नसे. दर वर्षी जिंके. यंदा ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी मला विचारले, "कौल तापयलास?"

"तापवले."

"गार होऊक दिलास?"

"दिले."

"मगे बरां."

आषाढातच ती गेली. बरणी राहिली. कौल मी तापवीत राहिलो. सज्जनहो, मला भीती कशाची होती? ती गेल्यावर बुरशी आली, तर लोक म्हणतील, अखेर बाबुलशेटच खरे ठरले!

म्हणूनच ही सभा आज, पौर्णिमेला. सकाळी बरणी उघडली. जन्मभर जहाजावर काढलेल्या इब्राहिमचाचांनी चिमूट दाबली, सोडली. आम्ही सारे त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. चिमूट उमलली. चाचा ओरडले, "राजी आसा! वयनी, राजी आसा!"

बाजार दणाणला. दुपारपर्यंत बरणी रिकामी झाली.

तिची चिमूट माझ्या बोटांत नाही. म्हणून दुकान येथेच संपते. मी किल्ल्या पुढे केल्या, तेव्हा बाबुलशेट हात मागे घेऊन म्हणाले, "बुरशी खंय इली? मगे चावयो मी कशाक घेव?"

मी म्हणालो, "शेट, करार मोडला नाही. पुरा झाला."

त्यांनी टोपी काढली, दोन्ही हात पुढे केले.

आता आपण उभे राहू या. कोणी पाइप पेटवला असेल तर विझवू नये. त्या धुरातच तिला निःशब्द नमस्कार करू या.

कौलाचा तुकडा माझ्या खिशात आहे. दुकानाला कुलूप लावले आहे. किल्ल्या परत केल्या आहेत.