थोरल्याचा पूल

(बेटाला जोडणाऱ्या जुन्या पुलाच्या टोकाशी तपासनिसाची खोली, दुपार. थोरला या पुलाचा तपासनीस, धाकटा शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या पुलाचा इंजिनियर.)

धाकटा : चहा राहू दे. चौथ्या खांबावर खडूच्या खुणा कोणी केल्या, ते सांग.

थोरला : मीच! सव्वीस वर्षं दुसरं कोण करतंय? पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट हातोडीनं ठोकायचा, खणखणीत वाजला की खडू लावायचा.

धाकटा : मी आत्ता ठोकून आलो. सात रिव्हेट बद्द वाजतात. ढिले आहेत. त्या सातांवरही तुझा खडू आहे.

थोरला : तुला ऐकू आलं? तुमच्या पुलाला तर म्हणे यंत्राचे कान बसवलेत.

धाकटा : ऐकायला तूच शिकवलंस, दादा.

थोरला : तिथंच चुकलं माझं.

धाकटा : विषय बदलू नकोस.

थोरला : विषय हाच आहे. आई बेटावरच्या सगळ्या बायकांना सांगत फिरते, ‘हा आमच्या धाकट्याचा पूल.’ अजून अर्धा आहे, तरी! हा मात्र कायम ‘तो गंजका’. थोरल्याचा पूल म्हणून एकदा तरी तिच्या तोंडून निघालं?

धाकटा : म्हणून खोट्या खुणा?

थोरला : खरं लिहिलं असतं, तर हा त्याच दिवशी बंद. लोक होडीत बसून म्हणणार, थोरल्याचा बसला, आता धाकटाच तारणार. तुझं उद्घाटन होईपर्यंत माझा चालू राहायला हवा होता. बाकी काही नको होतं मला.

धाकटा : पावणेचारला शाळेची बस येते इथून.

थोरला : मला सांगतोस? महिनाभर रोज दारात उभा असतो, ती पलीकडे पोचेपर्यंत.

धाकटा : मग मला तरी सांगायचंस!

थोरला : तुलाच नव्हतं सांगायचं! जळत होतो रे तुझ्यावर. तुझा एखादा खांब वाकडा निघावा, असं वाटायचं. आता बोल काय ते.

धाकटा : साडेतीन वाजलेत. मी फाटक लावतो.

थोरला : हात लावू नकोस. फाटक मी लावणार.

धाकटा : बरं. मी ऑफिसला कळवतो. खुणांचं विचारतील.

थोरला : माझं नाव सांग. सरळ सांग, लपवू नकोस.

धाकटा : आणि आईला?

थोरला : आईला मी सांगेन. तू सांगितलंस, तर ती लगेच खरं मानेल; मी सांगितलं, तर क्षणभर तरी म्हणेल, ‘थोरला असं करणार नाही.’